पाना हातात धरण्याआधीचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरगं अभ्यासात जेमतेम, पण घरातली मोटरसायकल महिन्यातून दोनदा खोलून बसणारं. त्याला आयटीआयला टाकायचं, ओळखीतल्या वस्तादाच्या हाताखाली द्यायचं, की फ्लेक्सवरून 'शंभर टक्के नोकरी'ची हमी देणाऱ्या खाजगी संस्थेत लाख-दीड लाख मोजायचे? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकजण आपल्या दुकानाच्या दारातून बोलतो. गॅरेजवाला म्हणतो, वर्गात बसून कुणी मेकॅनिक झालेला पाहिला नाही. आयटीआयचे निदेशक म्हणतात, सर्टिफिकेट नसेल तर जन्मभर हेल्पर. संस्थेचा माणूस तर काही न बोलता हप्त्यांचा तक्ताच पुढे सरकवतो.

तिघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे, पण वर्षांचा हिशेब कुणीच मांडत नाही. या धंद्यात फी हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग म्हणजे शिकण्याच्या काळात घरात न आलेला पैसा. परताव्याचंही तसंच. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवरून तो मोजला तर हमखास फसगत होते, कारण शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातलं खरं अंतर पाच-सात वर्षांनी पडायला लागतं. नट खोलणाऱ्याला एक भाव मिळतो, गाडीचा दोष शोधणाऱ्याला दुसरा. कुठलंही प्रशिक्षण स्वस्त की महाग हे ठरवायचं असेल, तर ते मुलाला पहिल्या भावावरून दुसऱ्यावर किती लवकर नेतं, एवढंच पाहावं. बाकीचा तपशील या एका मापाने मोजता येतो.

सगळ्यात जुनी वाट वस्तादाची. पहिले सहा महिने झाडू, डिझेलमध्ये सुटे भाग धुणं, चहा आणणं आणि 'बारा-तेराचा पाना दे' म्हटल्यावर नेमका तोच हातात ठेवणं. मग चाकं काढणं, ऑइल बदलणं, ब्रेक लायनर, क्लच प्लेट. दोन-तीन वर्षांनी हाफ इंजिनचं काम, आणि नशीब असेल तर एखाद्या दिवशी वस्ताद टायमिंग लावायला देतो. या शाळेला फी नाही, उलट आठवड्याला काही हातात पडतं. तिचा दोष असा की अभ्यासक्रम वस्तादाच्या मर्जीवर चालतो. त्याला जे येतं तेच शिकायला मिळतं, आणि धंद्याचं मर्म तो सहजासहजी देत नाही, कारण आजचा चेला उद्या समोरच्याच चौकात शटर उघडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शिवाय ही वाट अनेकदा फार लवकर सुरू होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या कायदादुरुस्तीने सरसकट बंदी घातली आहे, तरी गॅरेजमधला 'छोटू' अजून सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. त्याची दहावी बुडते. पुढे त्याची किंमत त्याला कशी मोजावी लागते, ते परदेशच्या नोकरीपाशी येईलच.

दुसरी वाट आयटीआयची. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि आज राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, खाजगी वेगळ्या. मोटार मेकॅनिकचा, म्हणजे पोरांच्या भाषेत 'एमएमव्ही'चा, ट्रेड दोन वर्षांचा आहे. डिझेल मेकॅनिक आणि दुचाकी-तीनचाकी मेकॅनिक एकेका वर्षाचे. सरकारी संस्थेत फी इतकी थोडी असते की बसचा पास, गणवेश आणि बूट यांचा खर्च तिच्यापुढे जास्त वाटतो. प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते ५०० रुपये केलं. चाळीस रुपयांत महिनाभर काय येतं, असा प्रश्न इतकी वर्षं कुणालाच पडला नाही, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

कागदावर अभ्यासक्रम चांगला आहे. वर्षाला १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. खोच आहे ती वर्कशॉपमध्ये. एका तुकडीत चोवीस मुलं आणि समोर एक कापून ठेवलेलं इंजिन असेल तर त्या ८४० तासांतले बरेचसे दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहण्यात जातात. काही संस्थांत निदेशकांची पदं रिकामी, काही ठिकाणी गाड्या अशा जुन्या की त्यांचे भाग बाजारातही मिळू नयेत. दुसरीकडे असेही निदेशक आहेत जे डीलरकडून अपघातग्रस्त गाडी मागून आणतात आणि मुलांना वायरिंगची अख्खी हार्नेस उलगडून दाखवतात. एकाच सर्टिफिकेटमागे इतके वेगवेगळे वर्ग असतात. म्हणून 'आयटीआय चांगलं की वाईट' असं विचारण्याला फारसा अर्थ नाही. कुठलं आयटीआय, कोणता निदेशक, जवळ कोणता कारखाना, हे विचारावं लागतं.

आयटीआयचं खरं मोल पुढच्या पायरीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मोठ्या आस्थापनांना ॲप्रेंटिस घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं, त्यात आयटीआय झालेल्याला ७,०००. रक्कम किरकोळ वाटते, पण या एका वर्षात मुलगा रोज ग्राहकाच्या चालत्या गाडीवर काम करतो, चूक झाली तर ती पकडणारा वरिष्ठ शेजारी असतो आणि वर्षाअखेर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या आसपासच्या आयटीआयना याचा फायदा मिळतो. गडचिरोलीतल्या किंवा तळकोकणातल्या मुलाला मात्र ॲप्रेंटिसशिपसाठी खोली भाड्याने घ्यावी लागते, आणि मग सात हजारांतले किती उरतात ते सांगायला नको.

आता प्रत्यक्ष बेरीज करून पाहू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, ते आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, दोन मित्र दहावीनंतर वेगळे झाले. एक गॅरेजवर बसला. पहिल्या वर्षी महिना पाच हजार, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी नऊ. दुसरा सरकारी आयटीआयला गेला आणि दोन वर्षांत फी, पास, कपडे, हत्यारं मिळून त्याने तीस हजार खर्च केले. तिसऱ्या वर्षी त्याला महिना सात हजार विद्यावेतन मिळालं. तीन वर्षांअखेर गॅरेजवाल्याने २ लाख ५२ हजार मिळवलेले असतात. आयटीआयवाल्याचे ८४ हजार आले, त्यातले तीस खर्चात गेले. दोघांतलं अंतर १ लाख ९८ हजारांचं पडलं. फी जवळपास फुकट असूनही.

चौथ्या वर्षापासून आयटीआयवाल्याला महिना तीन हजार जास्त मिळत असतील, तर हे अंतर भरून निघायला साडेपाच वर्षं लागतात. फरक सहा हजारांचा असेल तर पावणेतीन वर्षं. हाच मुलगा खाजगी संस्थेत गेला आणि तीस हजारांऐवजी दीड लाख खर्च झाला, तर अंतर ३ लाख १८ हजारांवर जातं. तीन हजारांच्या फरकाने ते भरायला जवळजवळ नऊ वर्षं हवीत, सहा हजारांच्या फरकाने साडेचार. कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळं. दीड लाखाच्या संस्थेने मुलाला पहिल्याच वर्षी महिना सहा हजारांची बढत मिळवून दिली नाही, तर ती संस्था महाग पडली. तिचं वर्कशॉप वातानुकूलित होतं की नाही, याला मग काही अर्थ उरत नाही.

या गणितात एक उणीव आहे. दोघांचा पगार सरळ रेषेत वाढेल असं ते धरून चालतं, आणि तसं होत नाही. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-सहाचे प्रदूषण-निकष लागू झाले. दुचाकीतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी इंधन इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आले. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस त्याआधीच, २०१९ मध्ये, बंधनकारक झालं होतं. डिझेल गाड्यांत धुराची गाळणी, ट्रक-बसमध्ये युरियाची टाकी. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा, ज्यात रस्त्यावर धावतानाचं प्रदूषणही मोजलं जातं. नाना पेठेत सुटे भाग घेणाऱ्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वाढलेल्या जुन्या मिस्त्रीचं निम्मं कसब कानात होतं. आवाज ऐकून तो व्हॉल्व्हचं सेटिंग सांगायचा, स्क्रू पाव फेरा फिरवून आयडलिंग लावायचा. त्या पाव फेऱ्याचा स्क्रूच आता गाडीत नाही.

इथे स्कॅनरची गोष्ट आली पाहिजे, कारण शिकलेल्या आणि न शिकलेल्या हातातलं अंतर तिथे उघडं पडतं. गाडीत 'चेक इंजिन'चा दिवा लागला. स्कॅनर जोडला, कोड आला पी०१७१. अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. बरेच मेकॅनिक हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण कमतरतेची वार्ता त्यानेच दिलेली असते. ग्राहकाचे काही हजार जातात, चार दिवसांनी दिवा परत लागतो. दोष निघतो फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपात, नाहीतर तुंबलेल्या इंधन गाळणीत, नाहीतर मळलेल्या हवामापक सेन्सरमध्ये. स्कॅनर म्हणजे थर्मामीटर. तो ताप सांगतो, आजार सांगत नाही. मल्टिमीटरने व्होल्टेज तपासायचं, आयडलिंगला आणि अडीच हजार आरपीएमला इंधनाच्या दुरुस्तीची टक्केवारी कशी बदलते ते पाहायचं, वायरिंगचा नकाशा वाचायचा, ही विद्या बघून बघून येत नाही. ती कुणीतरी क्रमाने शिकवावी लागते, आणि तिला थोडं भौतिकशास्त्र, थोडं इंग्रजी लागतं. मॅन्युअल मराठीत नसतात. एवढं ज्याला जमतं त्याच्या दारात इतर गॅरेजवाले गाड्या घेऊन येतात. प्रशिक्षणाचा पैसा वसूल होतो तो इथे.

मग हे शिकवतं कोण? माझं मत असं की सर्वांत चांगलं शिक्षण वाहन कंपन्या देतात, आणि ते विकत मिळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागल्यावर कंपनी आपल्या तंत्रज्ञांना पायरीपायरीने प्रशिक्षण केंद्रात पाठवते, परीक्षा घेते, नव्या मॉडेलचं वायरिंग शिकवते. मुलाची फी शून्य, पगार चालू. म्हणून आयटीआय असो की संस्था, तिचं पहिलं काम मुलाला या दारातून आत ढकलण्याचं. काही कंपन्यांनी हे दार शिक्षणसंस्थेतच उघडलं आहे. मर्सिडीज-बेंझने २००२ पासून पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा-पदवीधरांसाठी मेकॅट्रॉनिक्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला. टोयोटाने २००७ मध्ये बिडदीला तीन वर्षांची निवासी संस्था काढली, कर्नाटकातल्या ग्रामीण, गरीब घरांतल्या मुलांसाठी. अशा जागा मोजक्याच, त्यामुळे तिथे स्पर्धा तगडी. पण कंपनी स्वतः निवडून घेते तिथे पैसे भरणाऱ्याचा धोका कमी होतो, हे तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सर्व्हिस सेंटरच्या नोकरीचे मात्र फार गोडवे गाऊ नयेत. सुरुवातीचा पगार जेमतेम असतो, शनिवार-रविवारी गर्दी, महिनाअखेरीला टार्गेट. ग्राहकाच्या बिलावर लेबरचा जो आकडा छापलेला असतो त्यातला लहानसा वाटा गाडीखाली झोपलेल्या मुलाच्या वाट्याला येतो. शिडीही विचित्र आहे. हाताने उत्तम काम करणारा वरिष्ठ तंत्रज्ञ एका टप्प्यावर अडतो, आणि ग्राहकाशी गोड बोलून ॲक्सेसरी विकणारा सर्व्हिस ॲडव्हायझर पुढे निघून जातो. त्यामुळे चांगले हात पाना टाकून टाय घालतात. जे घालत नाहीत ते पाच-सहा वर्षांत कंपनीची विद्या घेऊन बाहेर पडतात आणि स्वतःचं गॅरेज टाकतात. डीलर या गळतीबद्दल तक्रार करतात. तंत्रज्ञाला तंत्रज्ञ राहूनच पगार वाढवत नेण्याची सोय केली तर ती तक्रार निम्मी कमी होईल, पण तो विषय बैठकीत फारसा निघत नसावा.

डिप्लोमाची वाट थोडी वेगळी. तंत्रनिकेतनातला ऑटोमोबाईल डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि दोन वर्षांचं आयटीआय झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. खर्च वाढतो, वर्षं वाढतात. गंमत अशी की या खर्चाचा चांगला परतावा दुरुस्तीच्या बाहेर मिळतो. एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायला ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा लागतो. विम्याचा सर्व्हेअर होण्याची वाटही तांत्रिक डिप्लोमा-पदवीतून जाते. म्हणजे डिप्लोमा घेतलेला मुलगा गाडी दुरुस्त करण्यापेक्षा गाडी तपासून जास्त कमावतो. ज्याला हाताने काम करायची हौस आहे त्याने डिप्लोमाला जायचं तर आयटीआयवरून जावं, असं माझं मत. थेट डिप्लोमाला गेलेल्यांना पुढे ग्रीस नकोसं होतं.

लघुमुदतीच्या कोर्सचा उल्लेख करून पुढे जाऊ. वाहन उत्पादक, सुटे भाग बनवणारे आणि वितरक यांच्या संघटनांच्या पुढाकाराने २०११ मध्ये वाहन क्षेत्रासाठी कौशल्य परिषद उभी राहिली. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तीन-चार महिन्यांचे कोर्स निघाले, आणि आधीच काम येणाऱ्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. ही दुसरी सोय वस्तादाकडे शिकलेल्या माणसासाठी खरोखर उपयोगी आहे. कौशल्य त्याच्याकडे असतंच, कागद नसतो. पहिली, म्हणजे कोऱ्या मुलाला तीन महिन्यांत मेकॅनिक करणारी, ऑइल बदलण्यापलीकडे फारसं नेत नाही. फुकट असेल तर जावं, पैसे देऊन जाऊ नये.

सरकारी नोकरी हा अनेक पालकांच्या मनातला छुपा हिशेब असतो. आयटीआय केलं की एसटीत चिकटेल. एकेकाळी तो बरोबर होता. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांनी आणि गावोगावच्या आगारांनी कित्येक पिढ्यांचे मेकॅनिक घडवले, आणि ॲप्रेंटिस तिथे अजूनही घेतले जातात. पण जून २०२२ मध्ये पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली विजेवरची बस, 'शिवाई', धावली ती कंत्राटदाराच्या व्यवस्थेतली. मुंबईत बेस्टनेही बऱ्याच बस भाडेतत्त्वावर घेतल्या आहेत. अशा करारात देखभाल कंत्राटदाराकडे असते. नव्या बस येतात, त्यांच्यासोबत कायम पदं येत नाहीत. निवृत्तिवेतनाच्या आशेने दोन वर्षं गुंतवणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये.

उरतं स्वतःचं गॅरेज, आणि खरं म्हणजे बहुतेक मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून तेच असतं. दुचाकीचं गॅरेज अजूनही थोडक्या पैशात सुरू होतं: हत्यारांचा संच, हवेचा कॉम्प्रेसर, एखादा रॅम्प आणि दुकानाचं डिपॉझिट. चारचाकीसाठी दोन खांबांची लिफ्ट, बरा स्कॅनर, एसी गॅस भरण्याचं यंत्र म्हटलं की रक्कम काही लाखांत जाते. मुद्रा योजनेत 'शिशू' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान आहे. बँकेच्या काउंटरवर आयटीआयचं सर्टिफिकेट इथे कामाला येतं, कारण प्रकल्प अहवालाला ते जोडता येतं. पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. कुलूप बनवणारा आहे, होडी बांधणारा आहे, मोटार मेकॅनिक नाही. तीन पिढ्या पाना फिरवूनही तो परंपरेत बसत नाही.

गॅरेजच्या मालकाला भांडवलापेक्षा मोठी अडचण येते ती माहितीची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधनं आणि दुरुस्तीची मॅन्युअल स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. प्रत्यक्षात नव्या गाडीला नवा ईसीयू किंवा चावी जोडायची तर आजही पुष्कळदा अधिकृत केंद्राचीच वाट धरावी लागते. शिकलेल्या मेकॅनिकची कमाई त्याच्या बुद्धीवर जितकी ठरते तितकीच या कुलपांवरही. हे धोरणाचं काम आहे आणि प्रशिक्षणाच्या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही, याचं मला नवल वाटतं.

विजेच्या गाड्यांनी धंदा बुडेल, ही भीती गॅरेजवाल्यांत जोरात आहे. अंशतः ती खरी. ऑइल बदलणं, क्लच, टायमिंग चेन, सायलेन्सर ही नेहमीच्या उत्पन्नाची कामं विजेच्या गाडीत नाहीतच. राहतात ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, बॉडीचं काम, आणि नवीन येतात बॅटरी, कंट्रोलर, चार्जर, वायरिंग. दुचाकीत व्होल्टेज बहुधा शंभराच्या आत असतं, चारचाकीत ते तीनशेच्या वर जातं. तिथे सर्व्हिस प्लग काढून, ठराविक वेळ थांबून, मीटरने शून्य पाहिल्याशिवाय हात घालायचा नसतो. अंदाजाने, चुकत-चुकत शिकण्याची गॅरेजची जुनी रीत या एका कामात जिवावर बेतू शकते. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड आला आहे. घाई करून फक्त तोच धरावा असं मात्र नाही. रस्त्यावरच्या कोट्यवधी पेट्रोल-डिझेल गाड्या पुढची पंधरा-वीस वर्षं दुरुस्तीला येतच राहणार. ज्याला इंजिन येतं आणि वीजही येते, त्याला दोन्हीकडून काम आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनला गॅरेजांच्या गल्लीत पूर्वी दुय्यम मान होता. आता त्याचीच वाट पाहत गाड्या उभ्या असतात.

परदेशचा विचार करणारे दोन प्रकारचे. आखातात जाणारे, विशेषतः कोकणातले, ओळखीच्या साखळीने जातात. तिथे वर्षांचा अनुभव पाहतात, पण दहावीचा दाखला एका फार साध्या कारणाने मोलाचा ठरतो: दहावी उत्तीर्ण माणसाच्या पासपोर्टला उत्प्रवासन तपासणीची अट लागत नाही. शाळा सोडलेल्या छोटूला ती लागते, मग एजंट आला, खेटे आले. दुसरा प्रकार जर्मनीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. मोठा अडथळा भाषेचा. तिकडे मोटार मेकॅट्रॉनिक्सची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, आठवड्यातले काही दिवस शाळेत, बाकीचे वर्कशॉपमध्ये, आणि पहिल्या महिन्यापासून मोबदला. आपल्या आयटीआयतही काही ठिकाणी २०१६ पासून अशी दुहेरी पद्धत आणायचा प्रयत्न झाला. ती जिथे नीट चालते तिथे वरच्या हिशेबातले ते १ लाख ९८ हजार बरेच खाली येतात, कारण मुलगा शिकताना मिळवतो.

शरीराचा खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. पंचविशीत कळत नाही. चाळिशीत पाठ, गुडघे आणि मान बोलायला लागतात. पेट्रोलने हात धुऊन कातडी फाटते, डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मास्कशिवाय फवारलेला रंग छातीत बसतो. मोठ्या सर्व्हिस सेंटरात भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आरोग्य विमा असतो. दोघा-तिघांच्या गॅरेजला या दोन्हींचे कायदे लागूच होत नाहीत. महिना दोन हजार जास्त मिळतात म्हणून गल्लीतलं गॅरेज पत्करणाऱ्या मुलाने हे दोन हजार कशाचे आहेत ते एकदा मोजावं. लग्नाच्या बाजाराबद्दल काय लिहावं? 'कंपनीत आहे' आणि 'गॅरेजमध्ये आहे' या दोन वाक्यांत पगाराचा फरक नसला तरी स्थळांचा पडतो, आणि ही सर्टिफिकेटची एक किंमतच आहे, आवडो वा न आवडो.

मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा. आयटीआयत त्यांच्यासाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, पण एमएमव्हीच्या वर्गात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गल्लीतल्या गॅरेजची वाट त्यांना बहुतेक बंदच असल्यामुळे अनुभवाची ती फुकट शाळाही नाही. त्यांच्यासाठी कागदाचं मोल जास्त. निदान, वायरिंग आणि विजेच्या गाड्या ही कामं अंगबळापेक्षा डोक्याची असल्याने तिकडे त्यांना जागा होते आहे.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन यावं, आणि ऑफिसात न बसता थेट वर्कशॉपमध्ये शिरावं. चालू स्थितीतली बीएस-सहा गाडी आहे का, स्कॅनर कपाटात कुलूपबंद आहे की त्याच्या केबलला ग्रीस लागलेलं आहे, एका इंजिनामागे किती मुलं, निदेशकाने स्वतः गॅरेजवर किती वर्षं काढली. ॲप्रेंटिसशिपचा करार कुणाशी आहे आणि तो लेखी दाखवतात का. मग मागच्याच्या मागच्या वर्षीच्या बॅचमधल्या पाच मुलांची नावं आणि ती सध्या कुठे काम करतात ते मागावं, मागच्या वर्षीच्या नव्हे, कारण पहिल्या वर्षी सगळेच कुठे ना कुठे लागलेले असतात. त्यातल्या दोघांना संध्याकाळी, शटर खाली ओढायच्या वेळी, गाठावं आणि विचारावं की पगार किती, पीएफ कापतात का, आणि मल्टिमीटर स्वतःचा घेतला आहेस की अजून दुसऱ्याचा मागून वापरतोस.